वळकटीसकट परत

सांगतो, पण आधी कबूल करा की हे पारावर पुन्हा काढायचं नाही. तिथं माझ्या नावानं आधीच बरंच काही निघतं. हसायचं असेल तर इथंच हसून घ्या.

तुम्ही मला ओळखता. चार माणसांत मान वर करून बोलायची माझी छाती नाही. इंग्रजी दुसरीत मास्तरांनी उभं राहून धडा वाचायला सांगितला, तेव्हा तोंडून शब्द फुटेना आणि पाय मात्र असे सुटले की थेट घरी! पुढं वडील वारले, शाळा सुटली ती सुटलीच, आणि मी कल्याणच्या बंदरावर भाताच्या वखारीत चिकटलो. म्हणजे तसा मी निरुपद्रवी माणूस. पण असा निरुपद्रवी माणूस एकदा परोपकार करायला उठला, की काय अनर्थ करतो म्हणता!

वखारीचा माल स्टेशनावर पोचवायचं काम माझ्याकडे. त्यामुळे मुंबईच्या गाडीतून कोण उतरलं, हे आळीत सगळ्यांच्या आधी मला कळे. कॉलेजात शिकणारी आमची मुलं येताना पाहून पाहून मी त्याचं एक शास्त्रच बनवलं होतं. मुलगा हातात नुसतं बोचकं घेऊन उतरला, तर समजावं सुटीला आला. ट्रंक घेऊन उतरला, तर प्रकृती बरी नाही. आणि हमालाच्या डोक्यावर बिछान्याची वळकटी दिसली, की संपलं! कॉलेज सुटलं.

हे शास्त्र कधी चुकलं नव्हतं बरं का. जोश्यांचा गोविंद मॅट्रिक होऊन मोठ्या दिमाखात गेला, प्रीव्हियसला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्याच परीक्षेला, दोनदा आपटला, वळकटीसकट परत. बंडूला खानावळीचं जेवण बाधलं, तोही वळकटीसकट परत. दामूचे डोळे बिघडले. ते पुस्तकं वाचून बिघडले की नाटकं पाहून, हे अजून ठरायचं आहे. पण वळकटी आली. आमच्या आळीतली मुलं विश्वविद्यालयात जायची ती विहिरीत पोहरा जावा तशी. फरक एवढाच, की पोहरा निदान भरून येतो!

आणि परतणाऱ्याची घरी जायची सरळ वाट पारावरून. पारावर अप्पा बसलेले. अप्पा आळीतले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ. कान तिखट, डोळ्यांना समोरचा माणूस दिसत नसे, पण वळकटी बरोबर दिसे. ती दिसली की मोठ्यानं म्हणायचे, "आलास का परत? असू दे, असू दे! आपल्या पोरांना तिकडचं पाणीच मानवत नाही." सगळा पार हसायचा. गोविंद बिचारा त्या दिवसापासून मागच्या गल्लीनं जा-ये करू लागला.

आता विनूचं. विनू माझा बाळमित्र. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तो पुढं गेला, मी बाकासकट मागं राहिलो. तो कॉलेजात टिकला. एक वर्ष टिकला, प्रीव्हियस झाला, दुसरं वर्ष आलं, तरी टिकला! अप्पांना हे सहन होईना. विनूचे वडील तात्या पारावरून जाताना दिसले, की ते हटकायचे.

"काय तात्या, तुमचा कधी येतोय परत?"

तात्या तापट माणूस, पण एका जागी थांबून शांतपणे सांगायचे, "येईल तेव्हा ह्याच पारावरून आणीन, अप्पा. वाजंत्री लावून आणीन."

त्या एका दिवसासाठी तात्या जगत होते म्हणा ना. नवी लाल पगडी आणून ठेवली होती, ती तोवर डोक्याला लावायची नाही असा पण होता. हे मला माहीत होतं. नीट लक्षात ठेवा, हे सगळं मला माहीत होतं!

थंडीचे दिवस होते. बी. ए. चा निकाल आज लागतो की उद्या लागतो, असं चाललेलं. सकाळी मी धाकू गाडीवानाबरोबर पोती उतरवायला स्टेशनावर गेलो. मुंबईची गाडी आली. विनू उतरला. आणि त्याच्यामागं हमालाच्या डोक्यावर...

वळकटी! शिवाय ट्रंक, तांब्या, छत्री आणि कंदील. सगळा संसार!

विनू मला बघून हसला. मला वाटलं, किती सोसतोय हा! आतून तुटलाय आणि वरून हसतोय.

"सदू! अरे, बरा भेटलास! ऐक ना..."

मी पुढं होऊन सरळ त्याच्या तोंडावर हात ठेवला. "एक शब्द बोलू नकोस, विनू. धीर धर."

त्याचं हसू मावळलं. "का रे? घरी सगळे बरे आहेत ना?"

मी नुसता सुस्कारा टाकला. मला बोलता कुठं येतं!

"तात्या?" त्यानं विचारलं.

आता मला तात्यांची ती लाल पगडी आठवली. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "तात्यांचं आता काय विचारतोस, विनू!"

तुम्हीच सांगा, ह्यात मी खोटं काय बोललो? पण विनू मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. मी मनात म्हटलं, बरं झालं, मोकळा होतोय.

मग मी ठरवलं, काही झालं तरी ह्याला अप्पांच्या तोंडी द्यायचं नाही. धाकूची गाडी होतीच. विनूला रिकाम्या पोत्यांत बसवलं, वळकटी मांडीवर दिली आणि वरून गोणपाट ओढलं. मागच्या गल्लीत बैलगाडी शिरत नाही, परसदारापर्यंत गाडी न्यायची तर पारावरून वळसा पडतोच. पार आला आणि नेमका आत विनूला हुंदका आला.

"काय रे सदू," अप्पा म्हणाले, "गाडीत काय?"

"भात, अप्पा."

"भात रडतो कसा रे?"

मी गोणपाट आणखी खाली ओढलं. धाकू मात्र बैल न थांबवता म्हणाला, "नवा भात हाय, अप्पा. वला हाय अजून!"

पार ओलांडल्यावर तो माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "भाऊ, पोर लय रडतंय. कोन गेला?"

मी म्हटलं, "तू गाडी हाक." तेव्हाच त्याचं ऐकलं असतं तर! धाकूला जे कळलं, ते मला कळलं नाही.

परसदारी गाडी थांबवून मी आधी एकटा आत गेलो. विनूची आई चुलीपाशी होती. मी दारातूनच म्हटलं, "काकू, विनू आलाय. वळकटीसकट."

काकूंच्या हातातली पळी खाली पडली. "अगं बाई! मग?"

"त्याला काही विचारू नका. तात्या कुठंयत?"

"पुढं अंगणात. न्हावी बसलाय डोकं करायला. आत्ता त्यांना बोलू नकोस रे, न्हाव्याच्या कानावर गेलं की गावभर होईल." असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आवाज दाबून रडू लागल्या.

आवाज दाबलेला असला तरी परसात ऐकू गेला. मी बाहेर आलो, तर विनू गाडीतून उतरून विहिरीकडं चाललेला. अंगातला कोट तसाच, पगडी काढून फेकलेली, डोळे लाल. काठाशी गेला आणि खाली वाकला.

मी धावलो, मागून कंबरेला मिठी मारली आणि आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "धावा! धावा! विनू जीव देतोय!"

"सोड मला!" विनू ओरडला. "पाणी काढतोय मी!"

"नको विनू, नको! पुढच्या वर्षी बसता येतं रे!"

"आंघोळ करू दे मला, सदू!"

"कोटासकट कुणी आंघोळ करतं का?"

"बाप गेल्यावर करतात!"

मी मिठी सैल केली. "कुणाचा बाप?"

"माझा!"

तेवढ्यात मागच्या दारात तात्या उभे. अर्धं डोकं तुळतुळीत, अर्ध्यावर केस, खांद्यावर पंचा, मागं वस्तरा हातात घेतलेला न्हावी. "कोण गेलं?" ते गरजले.

विनूच्या हातून पोहरा सुटला. आधी त्याच्या कोटावर, मग माझ्या धोतरावर, आणि तिथून विहिरीत. "तात्या! तुम्ही!"

"मी नाही तर कोण? आणि तू रडतोस कशाला?"

"हा सदू म्हणाला..."

सगळे माझ्याकडं वळले. काकू, तात्या, न्हावी, कुंपणावरून डोकावणारी शेजारची मंडळी. मी पुटपुटलो, "मी काही म्हणालो नाही. मी आपला... तो नापास झाला म्हणून..."

"कोण नापास झालं?" विनू म्हणाला. "मी पास झालो! बी. ए. झालो! तार केली तर तार बघूनच आई हाय खाईल, म्हणून पहिल्या गाडीनं स्वतः आलो!"

"मग वळकटी?" मी म्हटलं.

विनूनं भिजला कोट पिळला. "अरे सदू, शिक्षण संपल्यावर वळकटी काय तिथंच ठेवून यायची?"

बघा! एवढी साधी गोष्ट. पण आमच्या आळीत ती कुणाला ठाऊकच नव्हती, कारण शिक्षण संपवून परत आलेला माणूसच आम्ही पाहिला नव्हता.

काकूंनी विनूला पोटाशी धरलं. न्हावी तर आनंदानं अर्धं डोकं तसंच टाकून बातमी द्यायला पळाला. तात्या माझ्यावर ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते विनूच्या ओल्या पाठीवर हात फिरवत हळू म्हणाले, "सदू, पारावरून आणला असतास रे त्याला."

"पारावरूनच आणला, तात्या," मी म्हटलं. "पण... गोणपाटाखालून."

एवढं सांगताना सुद्धा आज कान तापतात. इतक्या वर्षांनी आळीत जो पहिला बी. ए. आला, त्याला मी भाताचं पोतं करून आणलं होतं!

शेवटी तात्यांनीच तोड काढली. दुसऱ्या दिवशी विनूनं सामान घेऊन मागच्या गल्लीनं गुपचूप स्टेशनावर जायचं, आणि तिथून नव्यानं यायचं. वाजंत्री आली. तात्यांच्या डोक्यावर लाल पगडी चढली. न्हावी उरलेलं अर्धं डोकं करायला अजून फिरकला नव्हता, तेव्हा ती तेवढी तिरकी बसली. हमालाला मी हात लावू दिला नाही. प्रायश्चित्त म्हणून वळकटी माझ्या डोक्यावर घेतली.

पार आला. अप्पा काठी टेकत उठले, विनूच्या डोक्यावर हात ठेवला आणि तात्यांकडं बघून हसले. तात्यांनी नमस्कार केला. एवढंच. पण तात्या त्यानंतर जे चालले, तसं चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वाजंत्री पुढं गेली, गर्दी पुढं गेली. सगळ्यांत मागं, वळकटीखाली मान मोडत, मी.

अप्पांनी डोळे बारीक केले. खरंच दिसलं नाही की मुद्दाम, देव जाणे. मोठ्यानं म्हणाले, "कोण, सदू? तूही आलास का परत? असू दे, असू दे! आपल्या पोरांना तिकडचं पाणीच मानवत नाही."

पार असा हसला की वाजंत्री थांबली.

मी वळकटी सावरली. "होय, अप्पा," म्हटलं.

हल्ली गोविंद पारावरून ताठ मानेनं जातो. मागच्या गल्लीनं मी जातो.