खरवडलेल्या नावाचं पदक

आत्या म्हणजे साऱ्या गल्लीची आत्या. जन्मभर शाळांचे गणवेश शिवले आणि उरल्या पैशांतून जुनी सुवर्णपदकं जमवली. कुणी हसलं तर ऐकवायची, "तुमचं सोनं दुकानातलं. हे कुणीतरी घाम गाळून मिळवलंय!" तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती.

पण तिचा सगळा जीव अडकला होता एकाच पदकात. तारखेवरून साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं, बायकांच्या पोहण्याच्या शर्यतीतलं, पहिल्या क्रमांकाचं. मागे कोरलेलं विजेतीचं नाव मात्र कुणीतरी खरवडून काढलेलं. दरवर्षी भरणाऱ्या जुन्या पदकांच्या प्रदर्शनात किंमत ठरवणाऱ्या पारखीसाहेबांनी ते भिंगातून पाहिलं आणि परत सरकवलं. म्हणाले, "कुणाचं ते माहीत नाही, म्हणजे नुसतं सोनं. वितळवून टाका."

आत्याच्या मस्तकात तिडीक गेली. "पुढच्या वर्षी नावासकट आणते!" असं चारचौघांत सांगून ती बाहेर पडली. बोलून तर बसली, आता नाव आणायचं कुठून?

तिनं शहरातले सगळे पोहण्याचे तलाव पालथे घातले. दिसेल त्याच्या नाकासमोर पदकाचा फोटो. शेवटी एका तिकीटवालीनं, पिच्छा सुटावा म्हणून, पाण्यात लांब लांब हात मारणाऱ्या एका आजींकडे बोट दाखवलं. आजी काठाशी आल्या, पोहण्याचा चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो निरखून पाहिला.

"माझंच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "घरात अडचण होती, विकावं लागलं. बक्षीस विकून खाल्लं असं लोकांनी म्हणायला नको, म्हणून मीच सुरीनं नाव खरवडलं."

आत्याला रडू आलं. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

पुढच्या प्रदर्शनात आत्या आजींना हाताला धरून घेऊन गेली. पारखीसाहेब म्हणाले, "असं कुणीही म्हणेल. पुरावा काय?"

"कडेला दातांची खूण असेल बघा," आजी म्हणाल्या. "सोनं खरं की खोटं म्हणून धाकट्या भावानं चावून बघितलं होतं. असा बदडला होता मी त्याला!"

साहेबांनी पदक फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "आहे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, पडून पोचा आलाय." सगळ्या दालनात टाळ्या कडाडल्या. साहेबांनी उभ्या उभ्या किंमत तिप्पट करून टाकली आणि आत्याची मान ताठ झाली.

तेवढ्यात आजींनी दाराशी बसलेल्या कोरीवकाम करणाऱ्याकडे पाहिलं. "माझं नाव पुन्हा घालता येईल का हो?"

सगळे दचकले. जुन्या पदकावर नवं अक्षर म्हणजे या मंडळींत महापाप. "अहो बाई, किंमत धाडकन खाली येईल!" साहेब ओरडले.

कारागीर आत्याकडे बघत राहिला.

"कोर," आत्या म्हणाली. "आणि अक्षरं चांगली मोठी काढ. लांबून वाचता आली पाहिजेत."