चिकाची वाटी

खालच्या मजल्यावर कोणीतरी कुरडयांचा चीक शिजवतंय. तो आंबूस वास जिन्यातून वर आला आणि ओझरच्या विमान कारखान्यात कामाला जाणाऱ्यांची आमची नाशकातली चाळ आठवली. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. चीक एकटीनं होत नाही. आई पातेलं घट्ट धरायची, शेजारच्या चाची दोन्ही हातांनी घोटायच्या, आणि आम्ही पोरं वाट्या घेऊन गरम चिकाची वाट बघायचो. त्या उन्हाळ्यात आईनं गहू भिजवले आणि तिसऱ्या दिवशी चाचींच्या दारात टेम्पो लागला. “तिकडं मोहल्ल्यात आपली माणसं आहेत, असं हे म्हणतात,” चाची म्हणाल्या. “मग आम्ही कोण, चाची?” आईनं विचारलं. त्या नुसत्या बोचक्याची गाठ आवळत राहिल्या. भिजलेले गहू काही थांबत नाहीत. आईनं एकटीनंच चीक केला, त्यात गुठळ्या झाल्या. तरी आठवड्यानं चाचींच्या घरात नवी माणसं आली, तेव्हा तिनं पुन्हा थोडे गहू भिजवून, चीक शिजवून माझ्या हाती वाटी दिली. नव्या बाईंनी आमच्या उघड्या दारातून दिसणारी बुद्धाची तसबीर पाहिली. “ठेव तिथं पायरीवर,” त्या म्हणाल्या. संध्याकाळी वाटी तशीच होती, मुंग्या लागलेली. आईनं ती घासून फळीवर ठेवली आणि पुन्हा कधी गहू भिजवले नाहीत. दोन वर्षांनी आम्हीही आपल्या माणसांत राहायला आलो. इथं सगळी आपलीच आहेत. आता खालून करपल्याचा वास येतोय. पातेलं धरायला त्या खालच्या बाईजवळ कोणी नसणार. मीही उठत नाही.