समुद्राला बांधलेला झोका

आमच्या धुळ्याच्या घरात, मागच्या दाराजवळच्या खुंटीवर, अंबाडीच्या दोराचं एक भेंडोळं गेलं वर्षभर टांगलेलं आहे. उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्यावरून ऊन घरात उतरतं आणि कूलरचाही जीव दमतो, तेव्हा त्या दोराला वास सुटतो. आधी अंबाडीचा हिरवट, किंचित कुजका, शेतातला वास. आणि त्याच्या आडून, पाहुण्यासारखा दबकत येणारा, एक खारा, ओला, परगावचा वास. ज्या शहरात नळाला पाणी आलं की घरातली सगळी माणसं मंत्री आल्यासारखी उठून उभी राहतात, त्या शहरात घरबसल्या समुद्राचा वास मिळणं ही केवढी चैन! भिंतीवर मिठाचा पांढरा ओघळ उमटला आहे, दोर धुऊन टाका, असं पत्नीनं दोनदा सांगून पाहिलं. मी धुतलेला नाही.

हा दोर माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. ती चोपड्याजवळच्या आमच्या गावी, केळीच्या बागांच्या गारव्यात राहते आणि आखाजीच्या आधी चार दिवस हा दोर माळ्यावरून खाली काढते. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. बाकीच्या महाराष्ट्राला त्या दिवशी आमरस आठवतो, आम्हाला झोका. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या आडव्या फांदीवर दोर पडतात, दोराच्या तळाशी लाकडी पाटली बसते, आणि मग वर्षभर डोईवरचा पदर सांभाळणाऱ्या बाया अशा उंच जातात की खालून बघणाऱ्या पुरुषांनी घाबरून उगाच दुसऱ्या विषयावर बोलावं.

माझी मुलगी मयुरी चेन्नईला नोकरीला लागली आणि मागच्या वर्षी तिला आखाजीला रजा मिळाली नाही. अक्कानं हे फोनवर ऐकलं आणि म्हणाली, “पोर येत नही ते झोका जाई.” पत्नी उत्तरपत्रिका तपासण्यात अडकली होती, म्हणून अक्कासोबत मी निघालो. भुसावळहून गाडीत बसताना आमच्या सामानात खापरावरचे मांडे होते, केळीचे वेफर्स होते, आणि एका पोत्यात हा दोर. समोरच्या प्रवाशानं दोराकडे बराच वेळ पाहून मला हळूच विचारलं, “म्हैस मागच्या डब्यात आहे का?” मी उत्तराची जुळवाजुळव करतोय तोवर अक्का म्हणाली, “म्हैस नही, भाऊ. पोरना झोका शे.” तो गृहस्थ थेट विजयवाड्यापर्यंत आमच्याशी अतिशय आदरानं वागला.

मयुरीचं घर नवव्या मजल्यावर. अक्कानं पंख्याचा हूक पाहिला, गॅलरीचे गज ओढून पाहिले, खाली जाऊन आवारातल्या दोन कुंड्यांतल्या झाडांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तेव्हा मयुरी म्हणाली की उद्या आखाजी आहे आणि रविवारही आहे, मी दर रविवारी पहाटे समुद्रावर जाते, तिथे सर्फिंगच्या पाटीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायला शिकते आहे. तूही चल आत्या, तिथे झाडंही आहेत. यातलं अक्काला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं.

शहराच्या दक्षिणेच्या उपनगराला लागून असलेला तो किनारा. उजाडत होतं. समुद्रातून वर येणारा सूर्य मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, आणि पूर्वेकडचं ते पाणी आधी राखाडी, मग आमरसासारखं दाट केशरी होत गेलं. आखाजीच्या दिवशी मला दुसरी उपमा सुचणार तरी कशी? वाळूवर रंगीत होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी पसरलेली, आणि त्यांच्यामधून कुटुंबंच्या कुटुंबं पाण्याकडे निघालेली. केसांत मोगऱ्याचे गजरे माळलेल्या बाया साडीसकट गुडघाभर पाण्यात उभ्या, एकेका हातात एकेक पोर, आणि लाट आली की सगळ्यांचा मिळून एकच चीत्कार. उकडलेल्या हरभऱ्यावर खोबरं आणि कैरी घालून विकणारा एक म्हातारा, ताजी कॉफी, मासळीचा वास, ओल्या कपड्यांचा वास. पलीकडे लाटांवर, जवळच्या कोळीवाड्यातली पोरंपोरी त्या लांबट पाट्यांवर पोटावर झोपून वाट पाहत होती. लाट आली की उठून उभी राहत आणि किनाऱ्यापर्यंत वाऱ्यासारखी येत.

अक्का यातलं काहीच पाहत नव्हती. ती झाडं तपासत होती. आधी नारळापाशी गेली, मान मागे टाकून पार शेंड्यापर्यंत पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. “ह्या झाडले फांदीच नही! इतलं उच्चं व्हईसन काय कामनं?” मग सुरूच्या बनात गेली, एक फांदी ओढून पाहिली, ती बिचारी नमस्कार केल्यासारखी खाली आली. अर्ध्या तासानं अक्का वाळूत बसली, दोराचं भेंडोळं मांडीवर घेऊन, आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पोरनी आखाजी कोरडी गयी.”

इथे मला थोडं मागे जावं लागेल. मी सहासात वर्षांचा असताना अक्का गावातली सगळ्यांत उंच झोका घेणारी पोर होती. ती बसून नाही, उभ्यानं घ्यायची. गुडघे मोडून पाटली दाबायची आणि सरळ होताना अशी वर जायची की पायांची बोटं निंबाच्या शेंड्याच्या पानांना लागायची, आणि खाली उभ्या असलेल्या माझ्यावर निंबोळ्या पडायच्या. ती तेविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. भाऊजी कापसाच्या गाडीवरून पडून गेले. तेव्हा मी बाराचा. त्यानंतरच्या प्रत्येक आखाजीला दोर तिनंच काढला, फांदीही तिनंच निवडली, गाठ मारली, जोर लावून ओढून पाहिली, आणि मग बाजूला उभी राहून दुसऱ्यांना झोके दिले. झोक्यावर बसू नकोस, असं तिला कुणीही म्हटलं नव्हतं. बस, असंही कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा. धुळ्यात साखरपुडा असो की सेवानिवृत्ती, माइक माझ्याच हातात असतो; अनोळखी नवरदेवाच्या आजोबांवर मी दहा मिनिटं डोळ्यांत पाणी आणून बोलू शकतो. पण त्या बेचाळीस आखाज्यांत हा दोन अक्षरांचा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. ती बसत नाही, हे मी निंबाच्या सावलीसारखं गृहीत धरलं होतं.

तर अक्का वाळूत बसलेली, आणि समोर मयुरीला लाट मिळाली. ती पाटीवर उभी राहिली, गुडघे मोडले, सरळ झाली, पुन्हा मोडले. अक्का ताडकन उठली. “गुडघा दाब वं पोर! दाब!” आसपासच्या तमिळ कुटुंबांनी चमकून पाहिलं. मयुरी तशीच, अगदी किनाऱ्यापर्यंत, उभी आली. अक्का धावत पाण्याच्या कडेला गेली, ती पाटी दोन्ही हातांनी चाचपली, उलटी करून पाहिली, वाळू पदरानं पुसली आणि निकाल दिला, “हाई ते झोकानी पाटली शे!” मग कनवटीची पुडी काढून तिनं मयुरीला पाटीवर कुंकवाचं बोट उठवायला सांगितलं. स्वतः उठवलं नाही. “बस, मी तुले झोका देस,” ती म्हणाली, आणि सवयीनं बाजूला सरून धक्का द्यायच्या पवित्र्यात उभी राहिली.

“आत्या, मी तर आत्ताच घेतला. आता तू बस,” मयुरी म्हणाली. तिच्यासाठी ते इतकं सोपं होतं.

अक्का हसली, “मी? माले काय करानं शे?” आणि हसता हसता तिनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं क्षणभराचंच होतं. मला वाटतं ती परवानगी मागत नव्हती. परवानगी द्यायला मी कोण? ती फक्त बघत होती, याला कळतंय का. 

“अक्का, बस,” मी म्हणालो.

तिनं खाली पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाली, “दोर नही ते झोका नही.”

मयुरीला शिकवणारी सेल्वी, तिथल्याच कोळीवाड्यातली तिशीची बाई, हे सगळं बघत होती. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. पण दोर तिला कळला. तिनं तो पाटीच्या शेपटाला बांधला, अक्कानं गाठ ओढून पाहिली, समाधान न होऊन दुसरी स्वतः मारली, सेल्वीनं ती ओढून पाहिली, आणि दोघी एकमेकींना मानेनं पावत्या देऊन मोकळ्या झाल्या. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात आलं. मला पोहता येत नाही. बादलीपेक्षा खोल पाण्याशी माझा कधी संबंध आलेला नाही. तरी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत गेलो, आणि समुद्रानं त्या दुमडीची दखलही न घेता मला कमरेपर्यंत भिजवलं.

अक्का पाटीवर बसली. दोन्ही पाय एका बाजूला सोडून, पाठ ताठ, जशी माहेरवाशिणी पहिल्या झोक्याला बसतात तशी. एका बाजूला सेल्वी, दुसऱ्या बाजूला मयुरी. लाट आली, फुटली नाही, नुसती खालून सरकली, आणि पाटी उचलून हळूच खाली ठेवून पुढे गेली. अक्कानं डोळे मिटले. दुसरी लाट आली. तिसऱ्या लाटेला ती आणखी एक झोका मागत ओरडली, “आखो एक!” सेल्वी म्हणाली, “अम्मा, होल्ड, होल्ड!” अम्मानं दोन्ही हात सोडून दिले. आणि मग ती गाऊ लागली. आखाजीचं जुनं गाणं, अर्धंमुर्धं आठवलेलं, लाटेच्या उतरणीला सूर खाली येणारं, आणि आसपासच्या साडीतल्या बाया, पोरं कडेवर घेऊन, काही न कळता टाळ्यांनी ताल धरू लागल्या. पुढची लाट मात्र मोठी निघाली. तिनं पाटी, बहीण, मुलगी, मास्तरीण आणि सूत्रसंचालक यांना एकाच घासात गिळून वाळूवर टाकलं. माझी एक चप्पल अजून बंगालच्या उपसागरात आहे. अक्का उठून बसली, तेव्हा तिच्या डोक्यावर पदर नव्हता, केस मोकळे होते, आणि ती इतकी हसत होती की मला सहाव्या वर्षी अंगावर पडलेल्या निंबोळ्या आठवल्या. दोर माझ्या मुठीत होता. तेवढा मी सोडला नव्हता.

मग वाळूवर मांडे उघडले. सेल्वीनं तीन खाल्ले. अक्कानं त्या म्हाताऱ्याचा हरभरा खाऊन “चांगला शे, मिरची कमी शे,” असा अभिप्राय दिला.

परतीच्या गाडीत, खिडकीबाहेर ताडाची झाडं मागे पळत असताना, ती म्हणाली, “माले वाटे, तूच म्हणशी.” एवढंच. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. उशिरा आलेल्या पाहुण्याला आधी पाणी द्यावं, तशी ती ते बोलली. मी तिचा हात हातात घेतला; तो दोन अक्षरांचा शब्द अखेर माझ्या तोंडून निघाला याबद्दल मी त्या दोराचा, त्या समुद्राचा, सहज बोलून गेलेल्या माझ्या मुलीचा अजून ऋणी आहे.

दोर ओला होता, म्हणून तो धुळ्यालाच राहिला. आता आखाजी आठ दिवसांवर आली आहे. आज सकाळी अक्काचा फोन आला. केळीला पाणी, उन्हाची तलखी, कुणाच्या घरी काय, असं सगळं बोलून झालं, आणि फोन ठेवता ठेवता तिनं अगदी सहज विचारलं,

“भाऊ, तो दोर वाळना का रे?”