गरम कुंडाची शास्त्रीय सहल

मी सातवीत होते तेव्हा आमच्या शाळेत थर्मामीटर आला. तालुक्याहून आलेल्या शास्त्राच्या पेटीत तो लाकडाच्या भुशात निजला होता. गुरुजींनी तो तान्ह्या लेकरासारखा दोन्ही हातांनी उचलला आणि पहिल्या दिवशी कोणालाच हात लावू दिला नाही.

तालुक्याच्या शिक्षणसाहेबांचा हुकूम होता की यंदा शास्त्र नुसतं पुस्तकातून शिकवायचं नाही, पोरांना बाहेर नेऊन प्रत्यक्ष दाखवायचं. मुकुटबनकडच्या आमच्या गावात बाहेर म्हणजे कपाशी आणि तूर. ती आम्ही रांगत होतो तेव्हापासून पाहिलेली. म्हणून गुरुजींनी गरम पाण्याचं कुंड निवडलं. पहाटे बैलबंड्या जुंपल्या तर उन्हं चढायच्या आत तिथे पोचता येई. जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं, ते किती गरम ते मोजायचं, एवढीच सहल. शास्त्राच्या परीक्षेत जो पहिला येईल त्याने थर्मामीटर पाण्यात धरायचा, असंही गुरुजींनी जाहीर केलं. पहिली मी आले. वर्गात मुलगी मी एकटीच, त्यामुळे पोट्ट्यांची तोंडं एरंडेल प्याल्यासारखी झाली. त्याचं सुख मला अजून आठवतं.

सहल ठरली, पण बंड्या कुठे होत्या? बंड्या होत्या पाटलांकडे. पाटील शाळेच्या समितीत होते आणि शास्त्राबद्दल त्यांचं मत पक्कं होतं.

"गरम पाणी पाहाले इतक्या दूर कायले जा लागते मास्तर? चुलीवर ठेवा अन् पाहा."

पण पाटलांच्या आईचे, मोठ्या बाईंचे, गुडघे दुखत. कुंडात पाय सोडून बसलं की गुडघे मोकळे होतात आणि वर पुण्य लागतं, अशी त्यांची खात्री होती. गुरुजींनी हे हेरलं. सहल म्हणजे तीर्थस्नानच समजा, असं पाटलांच्या ओसरीवर सांगून ते बंड्या कबूल करून आले. संध्याकाळपर्यंत गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायला लागले.

आमच्या घरी मात्र याच पुण्याने घोटाळा केला. आम्ही नवे बौद्ध. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून माझ्या बाने देव, नवस, जत्रा सगळ्यांना कायमची रजा दिली होती. आईच्या तोंडून सवयीने 'देवा' निघालं तरी तो घास हातात धरून तिच्याकडे बघत बसे. तीर्थस्नानाची बातमी आमच्या वस्तीत यायला वेळ लागला नाही.

"आपली पोरगी जत्रेले जाणार नाही," बा म्हणाला.

"जत्रा नाही बा, शास्त्र हाये."

"मंग शास्त्राले नारळ कायले लागते?"

मी जेवायचं नाही असं ठरवलं. मग भूक लागली तेव्हा जेवले, पण फुगून जेवले. थर्मामीटर माझ्याऐवजी दुसऱ्या नंबरच्या पोट्ट्याच्या हातात जाणार, या विचाराने माझ्या अंगाची आग होत होती. शेवटी मी गुरुजींनाच घरी घेऊन आले.

त्या दिवसापासून गुरुजींची दोन दुकानं सुरू झाली. सकाळी ओसरीवर पुण्य, संध्याकाळी आमच्या अंगणात पाण्यातलं गंधक. बा सगळं ऐकून घेई आणि 'पाहू' म्हणे. "ते कुंड म्या पाह्यलं हाये," एवढंच एकदा बोलला आणि बिडी पेटवून उठून गेला.

थर्मामीटरचा सरावही करायचा होता. तो मोठ्या बाईंच्या चहात झाला. चहा किती गरम ते या काचेच्या काडीला कळतं, मग दुखणंही कळत असेल, असं बाईंना वाटलं.

"ते काडी माह्या गुडघ्याले लाव वो पोरी. पाहाय काय म्हणते तं."

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी बंड्यांचा विचार केला आणि मान हलवली. मी गुडघ्याला काडी लावली. बाईंना तिथल्या तिथे बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात म्हाताऱ्यांची रांग लागली आणि आमचा गणिताचा तास त्यात गेला.

सहलीचा बेत पक्का करायला समिती शाळेत बसली, त्या दिवशी बा पण तिथे आला. पाटील खुर्चीत बसले होते. वाकून जोहार करणं बाने दीक्षेनंतर सोडलं होतं. तो दारात सरळ उभा राहिला.

"गुरुजी, एक सांगा. हे पाणी गरम कोण करते?"

गुरुजींची इकडे आड तिकडे विहीर झाली. एका बाजूला बंड्या, दुसऱ्या बाजूला पहिला नंबर. त्यांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली.

"जमिनीच्या पोटात उष्णता असते," ते म्हणाले. "त्या उष्णतेने पाणी तापतं. आता ती पोटात कोणी ठेवली, हे पुस्तकात दिलेलं नाही."

पाटलांनी समाधानाने मान डोलावली. बाने पण डोलावली.

"पुस्तकात नाही ना, मंग झालं," तो म्हणाला. "पोरीले पाठवतो. पण मी बी येतो संगं."

निघायच्या दिवशी बंड्यांत मुलांपेक्षा म्हाताऱ्या जास्त होत्या. नारळ, उदबत्त्या, हळदकुंकू, बैलांच्या शिंगांना आंब्याचे डहाळे.

"हे शास्त्राचं सामान हाये काय जी?" बाने विचारलं.

"ते त्यांचं. आपलं हे," असं म्हणत गुरुजींनी छातीशी धरलेली पेटी दाखवली. बा हसला, पण बंडीत बसला नाही. सगळी वाट माझ्या बंडीच्या चाकाजवळून चालला.

कुंडावर देखरेख करणारा एक माणूस होता. म्हाताऱ्या पाण्यात उतरून बसल्या आणि मी थर्मामीटर घेऊन काठावर गेले, तेव्हा त्याने गुरुजींना माझं घर विचारलं. गुरुजींनी खरं ते सांगितलं.

"मंग पाण्याले हात नोको लावू देऊ तिले."

गुरुजी घसा साफ करत म्हणाले, "हात नाही लावत हो ती. काच लावते."

त्या माणसाचा आला नाही इतका राग मला गुरुजींचा आला. असला राग, की मी थर्मामीटरसकट कोपरापर्यंत हात पाण्यात खुपसला. तो माणूस माझ्याकडे यायला निघाला.

"थांब रे," पाण्यातून मोठ्या बाई म्हणाल्या. "मोजू दे तिले. माहे पाय शिजून राह्यले, किती शिजले ते तं समजू दे."

बाकीच्या म्हाताऱ्या हसायला लागल्या. तो बडबडत झाडाखाली जाऊन बसला. मी पारा मोठ्याने वाचला आणि गुरुजींनी मान खाली घालून लिहून घेतला.

मग मी बाला शोधलं. तो पार लांब, बाभळीपाशी उभा होता. मी ये म्हणाले तर म्हणाला, इथून दिसते. मीच धावत गेले. त्याने आधी माझा ओला हात धरला, उलटासुलटा करून पाहिला, कोपरापर्यंत बोटं फिरवली.

"लहानपणी मले इथवरच येऊ देत," तो हळू आवाजात म्हणाला. "आपल्या लोकायनं हात घातला तं चामडी सोलून निघते म्हणत. मले वाटे, खोटंच असन. पण तुले पाठवाची हिंमत होत नोती."

मी त्याला ओढत काठावर आणलं. तो उकिडवा बसला, बाही वर सारली आणि हात पाण्यात घातला. गुरुजींनी हजेरी घेतली, म्हाताऱ्या बंड्यांत चढल्या, बैल जुंपून झाले. बा हात काढेना.