चौथी पट्टी

काकाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो पलंगावरच्या चादरीचा कोपरा दोन बोटांत धरून चोळत होता. परळच्या ज्या इस्पितळाच्या धुलाईघरात त्याने सगळी नोकरी चादरी धुण्यात घालवली, त्याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर तो होता. डोळे पिवळे झाले होते, पोट फुगलं होतं आणि बोलताना मधेच दम लागत होता. मला वाटलं त्याला काहीतरी दुखतंय. "काय होतंय रे काका?" असं विचारलं, तर म्हणाला, "काय नाय गो. नीळ जास्त झालीय ह्या चादरीला. आमच्या वेळी असं नव्हतं." मग छताकडे बघत म्हणाला, "बाय, रेकॉर्डी धुतल्यास काय? धूळ बसली असेल." मी म्हटलं, परीक्षा संपली की धुते. तो म्हणाला, "उन्हात नको ठेवू. आणि पुसू नको, आपोआप सुकू दे." ...एवढंच. त्यानंतर आमच्यात बोलणं झालं नाही.

आई कॉलेजच्या वेळेत मला कधीच फोन करत नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, त्यामुळे तिला वाटतं की तिथे फोन वाजला तर मला काढून टाकतील. म्हणून त्या दिवशी लायब्ररीत फोन थरथरला आणि त्यावर "आई" असं दिसलं तेव्हाच मला कळलं. ती फक्त "निघ तू" म्हणाली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत मी मोठमोठ्या माणसांवरचे लेख वाचत आले आहे. माझा काका तसा कोणी नव्हता. त्याच्यावर लिहायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं, हेही मला नीट ठाऊक नाही. पण मी नाही लिहिलं तर दुसरं कोणीही लिहिणार नाही, एवढं मात्र नक्की माहीत आहे.

काका म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ. नायगावला बीडीडी चाळीत आमची खोली आणि त्याची खोली अशा लागून होत्या की दोन्हीकडचं भांडण दोन्हीकडे ऐकू यायचं. त्याला आणि काकीला मूल नव्हतं, म्हणून मी अर्धी त्यांचीच. काकाकडे एक जुना रेकॉर्ड प्लेयर होता आणि माळ्यावर दोन खोके भरून रेकॉर्डी. ऐकणाऱ्याला वाटेल, मोठा शौकीन माणूस असणार. तसं काही नव्हतं. त्याला संगीतकारांची नावं माहीत नव्हती. गाणी तीन प्रकारची असतात असं तो मानायचा: बाईचं, पुरुषाचं आणि दोघांचं. पगाराच्या आसपास कधीतरी तो फूटपाथवर जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्यांकडे जायचा आणि कव्हर बघून एखादी उचलून आणायचा. कव्हरवर समुद्र असला तर हमखास. "आत गाणी कसली आहेत ते तरी बघायचं," पप्पा म्हणायचे. काका म्हणायचा, "दादा, लग्नात तू मुलगी बघितलीस, मी बघितली, आत काय आहे ते कोणाला दिसलं?" आणि आतून काकीची पळी वाजायची.

रेकॉर्ड घरी आली की तो आधी ती धुवायचा. साबणाच्या कोमट पाण्यात, तळहाताने, गोल गोल, अगदी सांभाळून. धुणं हे एकच काम आपल्याला येतं असं त्याचं मत होतं. मग त्या ओल्या रेकॉर्डी तो काकीच्या भांड्यांच्या स्टँडमध्ये, ताटांच्या खाचांत, एकेक करून उभ्या करायचा. वर कपबशा, खाली पेले, मधे ताट, रेकॉर्ड, ताट, रेकॉर्ड. काकी चिडायची. "आज भात ह्यांच्यावरच वाढू काय?" काका म्हणायचा, "वाढ. पण माशाची आमटी नको, काटा खाचेत अडकेल." जेवायची वेळ झाली की ती ओरडायची, "सुकल्या काय हो?" आणि तो ओरडायचा, "नाय अजून!" सुकलेल्या असल्या तरी हेच. कारण सुकल्या म्हणजे माळ्यावर जाणार, आणि त्याला त्या तिथे स्टँडमध्ये बघायला आवडायच्या.

या सगळ्यांत एक रेकॉर्ड गाण्यांची नव्हती. पूर्वी सिनेमातल्या संवादांच्याही रेकॉर्डी निघायच्या, हे मला कॉलेजात सांगितल्यावर कोणाला खरं वाटलं नाही. ही अशीच एका पडलेल्या हिंदी पिक्चरची होती. तो पिक्चर काकाने बघितला नव्हता. तो बघायला जाईपर्यंत थेटरातून उतरला होता, मग ही रेकॉर्ड फूटपाथवर मिळाली. तिच्या दुसऱ्या बाजूला चार प्रसंग होते. दोन प्रसंगांच्या मधे चकचकीत कोरी रेघ असते ना, त्यावरून तो त्यांना पट्ट्या म्हणायचा. पहिल्या पट्टीत बाप-लेकाचं भांडण. दुसरीत मुलगा घर सोडून जातो आणि आई रडते. तिसरीत कोर्ट. आणि चौथीत, दार उघडल्याचा आवाज, थोडी शांतता आणि मुलाचा थकलेला आवाज: "आ गया, माँ." मग आई म्हणते, "आ गया? हाथ धो ले, रोटी ठंडी हो रही है." बासरी वाजते आणि सुई मधल्या कागदाकडे सरकून खरखरत राहते.

रविवारी दुपारी जेवणं झाली की ही बाजू लागायची. पट्ट्यांच्या मधे काय घडतं ते काका सांगायचा, म्हणजे स्वतःच्या मनाने बनवायचा. तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीच्या मधे आई खूप आजारी पडते, तिला इस्पितळात ठेवतात, ग्लुकोजच्या बाटल्या लावतात, चादरी रोज बदलतात आणि ती बरी होऊन घरी येते, असं त्याचं म्हणणं होतं. आम्हाला तोच पिक्चर ठाऊक होता. ड्युटीवरून घरी आला की दारात चपला काढता काढता काका म्हणायचा, "आ गया, माँ." आणि काकी तिच्या मालवणी हिंदीत आतून ओरडायची, "हाथ धो, भाकरी थंडी होता है!" रोज. शेजारी हसायचे, मग त्यांनी हसणंही सोडून दिलं, इतकं ते रोजचं झालं.

दोन वर्षांपूर्वी काकीला कॅन्सर निघाला. ती फार लवकर खंगली. एका रविवारी तिने पडल्या पडल्या विचारलं, "अहो, त्या बाईला काय झालेलं ओ, मधे?" काका प्लेयरपाशी बसला होता. म्हणाला, "टायफॉईड. शेवटी बरी झाली ना?" काकी म्हणाली, "तुम्हीच बरी केलीत तिला." तो म्हणाला, "मी कोण करणार? रेकॉर्डवर आहे ते." ...काकी गेली तेव्हा चाळ रिकामी करायच्या नोटिसा लागल्या होत्या. तिला निदान नायगावच्या खोलीतून नेलं, असं आई म्हणते. मला त्यात काही समाधान वाटत नाही.

चाळ पाडायला घेतली आणि आम्ही घोडपदेवला भाड्याच्या खोलीत आलो. काका एकटा, म्हणून तोही आमच्यातच राहायला आला. येताना त्याने प्लेयर, दोन खोके आणि काकीचं भांड्यांचं स्टँड आणलं, बाकी सगळं देऊन टाकलं. आता तो पूर्ण बाजू लावत नसे. सुई अलगद उचलून थेट चौथ्या पट्टीवर ठेवायचा. दार, शांतता, "आ गया, माँ," रोटी, बासरी. परत पहिल्यापासून. आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. दारात मात्र तो आता गुपचूप चपला काढायचा.

मी सिनेमाची जाणकार नाही. वेळ मिळाला तर फोनवर काहीतरी बघते, तेही अर्धवट. असंच एकदा शोधता शोधता मला तो पिक्चर सापडला. कोणीतरी इंटरनेटवर टाकला होता, धूसर, बाजूने कापलेला, जेमतेम कोणी पाहिलेला. मी धावत घरी आले. काकाला म्हटलं, "तुझा पिक्चर!" तो इतका लाजला की जणू कोणीतरी त्याचं लग्न ठरवलं होतं. मीही तोवर बघितला नव्हता. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघं जमिनीवर बसलो.

सुरुवातीला मजा आली. नट बोलायच्या आधी काकाचे ओठ हलत होते. बाप दिसला तेव्हा तो म्हणाला, "हा बाप? एवढासा? आवाज तर आमच्या मुकादमासारखा आहे!" मुलाचे केस बघून म्हणाला, "ह्याला घराबाहेर काढला ते बरं केलं." पिक्चरमधली आई दिसली तेव्हा मात्र तो फोनकडे सरकला. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मला वाटतं त्याच्या मनातला चेहरा वेगळा होता. कोणाचा, ते मी विचारलं नाही. मध्यंतराच्या जरा आधी पिक्चरमधली आई मेली. खोकला, बंद खिडकी, पांढरी चादर. मी काकाकडे बघितलं. तो म्हणाला, "थांब गो. येणार आहे ती. चौथी पट्टी बाकी आहे अजून."

मग कोर्ट झालं, तुरुंग झाला आणि चौथी पट्टी आली. दार उघडलं. रेकॉर्डवर जी शांतता होती तिच्यात काय होतं ते आम्हाला तेव्हा दिसलं. एक रिकामं घर, सगळीकडे धूळ आणि मधे एक खुर्ची. पिकल्या केसांचा मुलगा त्या खुर्चीला म्हणाला, "आ गया, माँ." आणि आईचा आवाज आला, नुसता आवाज, त्याला आठवलेला. रोटी ठंडी हो रही है. खुर्ची तशीच. बासरी.

मी फोन बंद केला. माझी आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, तिने नळ सोडला. काका म्हणाला, "पिक्चरवाल्यांनी मारली गो तिला. रेकॉर्डवर नाय मेली ती." आणि हसला. मीही हसले. मला वाटलं, झालं, त्याने त्याचं उत्तर शोधलं.

पण त्यानंतर ती बाजू कधी लागली नाही. एकदा दुपारी मी घरी आले तर प्लेयरचं झाकण बंद आणि ती रेकॉर्ड त्याच्या मांडीवर. "लावू का?" मी विचारलं. "नको," तो म्हणाला. "आता ती बोलली की मला खुर्ची दिसते." त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. चादरीला नीळ जास्त झाली हे जसं सांगितलं, तसंच. नंतर जेवण कमी झालं, मग कावीळ निघाली, मग ती नुसती कावीळ नव्हती, आत मोठा आजार होता असं डॉक्टर म्हणाले. एका पिक्चरमुळे माणूस मरत नाही, हे मला कळतं. आजार आधीपासूनच होता. तरी मला वाटतं की एक जागा होती जिथे काकी... म्हणजे ती आई, भाकरी घेऊन बसलेली होती, आणि ती जागा एका दुपारी गेली. ती कोणालाही परत आणता आली नसती. मला तर नाहीच.

त्याचे दिवस झाल्यावर पप्पा म्हणाले, नवी खोली मिळेल तेव्हा मिळेल, एवढं सामान कुठे नाचवायचं. म्हणून मी एक पिशवी भरून गिरगावातल्या जुन्या रेकॉर्डींच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार भला माणूस होता. त्याने पत्ते चाळावेत तशा रेकॉर्डी चाळल्या. "ताई, सगळ्या घासलेल्या आहेत. आणि ह्या कोणाकडेही मिळतात. ह्याला कलेक्शन नाही म्हणत." संवादांची रेकॉर्ड त्याने बाजूला काढली. "ही तर कोणीच घेत नाही." परत येताना आमच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "पुठ्ठे का कव्हर दे दो. अंदर का काला नहीं चाहिए." दोघांचंही बरोबर होतं. काकाने काहीच जमवलं नव्हतं. समुद्राची चित्रं आणि आपल्या मनाने बरी केलेली एक बाई, एवढंच. मी पिशवी परत घरी आणली.

परीक्षा संपली. एका दुपारी घरात कोणी नसताना मी प्लेयर उघडला आणि सुई चौथ्या पट्टीवर ठेवली. मला वाटलं होतं, मी लहानपणापासून ऐकलंय, मला तरी जुनं काहीतरी ऐकू येईल. काकीचं ओरडणं, चपलांचा आवाज. दार उघडलं. मला खुर्ची दिसली. दुसऱ्यांदा लावली, तरी खुर्चीच.

मग मी पाणी कोमट केलं, साबण घातला आणि ती रेकॉर्ड धुतली. तळहाताने, गोल गोल. पुसली नाही. काकीच्या स्टँडमध्ये दोन ताटांच्या मधे उभी केली, ऊन येत नाही अशा बाजूला. त्याला आता बरेच दिवस झाले. आई रोज भांडी लावताना तिथे येऊन थांबते, आणि हात न लावता विचारते, "सुकली काय गं ती?"

"नाही अजून," मी म्हणते.