तळ्यात सोडलेला बाळकृष्ण

देवावर माझा राग होता असं म्हटलं तर ते फारच सौम्य होईल. मला त्याचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं. लग्नात आईने दिलेली अन्नपूर्णा आणि रांगता पितळी बाळकृष्ण घेऊन मी ड्रेस्डेनला आले. हे तिथल्या विद्यापीठात विणकामाच्या यंत्रांवर संशोधन करत होते. आमच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात खिडकीतल्या फळीवर देव मांडले होते. त्या दिवसांत साखर जपून वापरावी लागे, तरी बाळकृष्णाचा चिमूटभर साखरेचा नैवेद्य मी कधी चुकवला नाही. आंघोळ, गंध, अंगडं, सगळं यथासांग. आणि त्याने काय केलं? माझा माधव दात यायच्या आधीच तापाने गेला.

एवढ्या लहान मुलांना आपल्याकडेही पुरतात, त्यामुळे त्याबद्दल काही वाटलं नाही. वाटलं ते कबरस्तानाच्या कचेरीत. इथे जागा मुदतीवर मिळते. मुदत संपली की ती दुसऱ्या कुणाची. म्हणजे माझ्या बाळाला मातीसुद्धा भाड्याची. भेटायला येणाऱ्या बायका मनाने चांगल्या होत्या, केक करून आणायच्या आणि निघताना न चुकता म्हणायच्या, "तू तरुण आहेस, दुसरं होईल." जशी काही कपबशी फुटली होती. आणि ह्यांनी तर माधवचं नाव घेणंच टाकलं. एका संध्याकाळी पाळणा कुणाला तरी देऊन आले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. मी त्याच दिवशी देव उचलून पेटीत घातले. ह्यांनी पाहिलं, पण एक शब्द विचारला नाही.

पुढच्या वर्षी ह्यांच्या प्राध्यापकांना चीनमध्ये रेशमाच्या गिरण्यांसाठी यंत्रं बसवायला बोलावणं आलं. सोबत हे जाणारच होते. प्राध्यापकांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे फ्राऊ प्रोफेसर म्हणत असू, त्यांनाही जायचं होतं आणि बोलायला एक बाई हवी होती. "आल्झो, तर मग तुम्हीच चला," त्या मला म्हणाल्या. "जागा बदलली की माणूस बरं होतं." मी बरी व्हायला निघाले नव्हते. पेटी भरताना मी बाळकृष्ण बाहेर काढला. उघडा देव कसा न्यायचा, म्हणून हाताला लागलं त्या माधवच्या टोपड्यात गुंडाळला. कुंची घालतात तसलं, आईने शिवून पाठवलेलं टोपडं. नको झालेला देव पाण्यात सोडावा, एवढं मला माहीत होतं. ड्रेस्डेनच्या एल्ब नदीतच सोडला असता, पण तिच्या पुलावरून मला रोज जावं लागे, आणि रोज त्याच्या डोक्यावरून जायचं नव्हतं. दूर कुठेतरी, जिथे मी पुन्हा कधी येणार नाही, तिथे त्याला टाकायचा होता.

शांघायला पुरुषमंडळी गिरणीत अडकली, आणि आम्हां दोघींना एका दुभाष्याबरोबर दोन दिवसांसाठी हांगचौला पाठवलं. तिथलं पश्चिम सरोवर बघायला म्हणे लांबलांबून लोक येतात. सुंदर होतं, नाही कशाला म्हणू. डोंगर, धुकं, पाण्यावर वाकलेली झाडं. मला त्या सौंदर्याचाही राग आला. माझं मूल मातीत आणि ह्या तळ्याला काही पडलेली नाही! फ्राऊ प्रोफेसर कॅमेरा गळ्यात अडकवून "वुंडरबार! किती सुंदर!" करत होत्या. दुभाषी, एक पोरसवदा गंभीर गृहस्थ, प्रत्येक पुलाची माहिती जर्मनमध्ये सांगत होते. आमची नाव एक म्हातारी वल्हवत होती. सुरकुतलेली, निळ्या सुती कोटातली, गप्प.

मी मागच्या बाजूला बसले होते. ठरवलं होतं असं की टोपडं सोडवून घ्यायचं आणि नुसता देव पाण्यात टाकायचा. टोपडं मला हवं होतं. माधवचं म्हणून तेवढंच उरलं होतं. पण गाठ सोडते न सोडते तोच फ्राऊ प्रोफेसर फोटो काढायला माझ्याकडे वळल्या. मी घाबरले. हात काठाबाहेर होता, आणि सगळं गाठोडंच सुटलं. बुळुक असा एक आवाज झाला आणि संपलं.

म्हाताऱ्या बाईने ते पाहिलं. तिने वल्हं आत ओढलं आणि काही कळायच्या आत कोटासकट पाण्यात उतरली. हवेत चांगलाच गारठा होता. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. खालच्या गाळात पायाने चाचपत ती बराच वेळ फिरली. मी मराठीत ओरडत होते, "राहू दे, राहू दे हो!" कुणाला कळणार? मग ती बुडी मारून वर आली. हातात बाळकृष्ण. टोपडं नव्हतं.

तिने तो तळ्याच्या पाण्यात खळबळून धुतला, कोटाच्या बाहीने पुसला आणि माझ्या हातात द्यायच्या आधी क्षणभर स्वतःच्या खांद्याशी धरून त्याची पाठ थोपटली. दूध पाजल्यावर थोपटतात तशी. मग काहीतरी विचारलं. दुभाषी संकोचले, तरी त्यांनी सांगितलं, "ती विचारते, हे तुमच्या मुलाचं खेळणं का? मूल कुठे आहे?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे गप्प होते. मी म्हणाले, "गेला. माधव नाव होतं त्याचं." त्याचं नाव तोंडातून निघालं आणि मी रडायला लागले ती थांबेचना. म्हातारीने दुभाष्याचं बोलणं ऐकून घेतलं. पलीकडच्या डोंगराकडे हात केला, दोन बोटं दाखवली, तिचीही दोन तिथे मातीत होती, आणि ओल्या अंगाने पुन्हा वल्हं हातात घेतलं. फ्राऊ प्रोफेसरनी स्वतःचा लोकरी कोट काढून तिच्या खांद्यांवर घातला. परतीच्या वाटेवर त्यांनी एकही फोटो काढला नाही.

तेव्हा मला कृतज्ञता वगैरे काही वाटली नाही, खोटं कशाला सांगू? मला भयंकर चीड आली होती. जो नको होता तो परत हातात, आणि जे हवं होतं ते गाळात. चेष्टा करायला ह्याला मीच सापडले का, असंच वाटत होतं.

ड्रेस्डेनला परतल्यावर एका रविवारी मी पेटी आवरत असताना हे मागे येऊन उभे राहिले. खालचे कपडे त्यांनी दोनदा उलटेपालटे केले.

"काय हवंय?" मी विचारलं.

"माधवचं टोपडं कुठंय गं? इथेच, साडीखाली असायचं."

म्हणजे टोपडं कुठे असतं ते ह्यांना ठाऊक होतं. मी बाजारात गेले की हे पेटी उघडून बसत असत. ते तळ्यात गेलं नसतं, तर हा माणूस जन्मभर वर्तमानपत्राआड रडत राहिला असता आणि मी त्याला दगड म्हणत राहिले असते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बाळकृष्ण हातात घेतला. त्याच्या गुडघ्याच्या बेचक्यात अजून तळ्याचा गाळ होता. तो त्यांनी काडीने काढला, त्याला आंघोळ घातली, आणि आम्ही दोघं माधवबद्दल बोलत बसलो. पहिल्यांदाच.

आता कबरस्तानातल्या त्या जागेची मुदतही संपली. पुढे दुसरं मूल झालं नाही. देवाला मी क्षमा केली आहे का, मला सांगता येत नाही. काही सकाळी त्याच्याशी अबोलाच असतो. पण आंघोळ मी घालते, कारण त्याला सोडून देणं माझ्या हातात नाही हे मला त्या तळ्यावर कळलं. त्या म्हातारीला सुखात ठेव, एवढं मागते. आणि अंगडं चढवून झालं की दुसरं एक सांगते. टोपडं ठेव तुझ्याकडे. इथे थंडी फार असते, ज्याचं आहे त्याला घाल.