गॅलरीतली चार मिनिटं

मी सिनेमे दीडपट वेगाने बघतो. पंचवीस वर्षं समीक्षा लिहिणाऱ्या माणसाने हे कबूल करू नये, पण आता लपवून तरी काय करायचंय. पूर्वी छोट्या थिएटरात खेळ लावायचे, चहा-सामोसा द्यायचे, आणि अंधारात बसल्यावर उठता यायचं नाही. आता ईमेलवर लिंक येते. कोपऱ्यात वेग वाढवायची सोय असते, आणि बाणाचं बटण दाबलं की दहा सेकंद पुढे. माझ्या लॅपटॉपवरचा तो बाण पुसला गेलाय. बाकीची अक्षरं शाबूत आहेत.

स्वतंत्र सिनेमावाल्यांनीच ही सवय लावली असं मी सांगत आलो. ह्यांच्या सिनेमात चहा उकळतो तो पूर्ण उकळतो. बाई कपडे वाळत घालते ती अख्खी दोरी भरेपर्यंत. मी लिहायचो, ‘दिग्दर्शकाचा वेळेवर विश्वास आहे,’ आणि बटण दाबायचो. टीव्हीसाठी काढलेले सिनेमे त्याच्या उलट. तिथे दर अकरा मिनिटांनी बेल वाजते, दारात कोणीतरी उभं असतं, आणि घरातल्या एकाला असाध्य आजार झालेला असतो. आणि माहितीपट! त्यातही आमच्या गिरणगावावरचे! वरून उडत्या कॅमेऱ्याने धुराडं, मग चकचकीत टॉवर, मग परत धुराडं, मागे सारंगी. लालबागच्या चाळीत वाढलेल्या मला ती सारंगी आमच्याकडे कधी ऐकू आली नाही. आमच्याकडे नळावरची भांडणं ऐकू यायची.

मी स्टार देतो. पाच कधीच नाही. आणि एक नियम सुरुवातीपासून कडक पाळला: सिनेमा ओळखीच्या माणसाचा असेल तर अर्धा स्टार कापायचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं आपल्याबद्दल कोणी म्हणता कामा नये. मित्र तुटले. एकाने तर दादरच्या भर मंडईत मला बघून तोंड फिरवलं. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर हल्ली मला कशाचंच फार काही वाटत नाही. सिनेमा संपतो, मी अडीच स्टार लिहितो आणि कुकर लावतो.

सिनेमाचा नाद मला लावला बाबांनी. ते लालबागच्या एका मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे, पहिली पाळी. सकाळी सातला आत, दुपारी तीनला बाहेर. मी दहा-अकरा वर्षांचा असताना काही महिने असे गेले की ते रोज संध्याकाळी गॅलरीत बसून मला पिक्चरची गोष्ट सांगायचे. साग्रसंगीत, मारामारीच्या आवाजासकट. गंमत म्हणजे तोच पिक्चर दोन-दोन, तीन-तीन आठवडे चालायचा, आणि शेवट रोज वेगळा. सोमवारी हिरो मरायचा, मंगळवारी हिरोचा भाऊ. बुधवारी सगळे जिवंत राहून गावी जायचे. मी विचारायचो, ‘बाबा, काल तर मेला होता.’ ते त्यांच्या मालवणीत म्हणायचे, ‘काल मेलो. आज वाचलो.’

मोठा झाल्यावर मी ते पिक्चर शोधून बघितले. एकाचाही शेवट बाबांनी सांगितला तसा नव्हता. ह्यावर मी माझ्या सदरात एकदा खुसखुशीत लेखही लिहिला होता, की मला भेटलेला पहिला थापाड्या माझ्या घरातच होता. लोकांना आवडला. बाबांनी तो कापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. वाचून काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, खूश झाले असतील.

मी दादरला राहायला गेलो, आई गेली, तरी बाबांनी चाळ सोडली नाही. ऐंशीला आलेले, पण पाण्याची बादली स्वतः भरायचे. चार वर्षांपूर्वी गिरगावातली एक मुलगी, तिशीची असेल, मिल कामगारांवर माहितीपट करायला लालबागला फिरत होती. बाबांनी तिला चहा पाजला आणि पहिलं वाक्य टाकलं, ‘माझो झील पेपरात लिवता, सिनेमाचा.’ संपलं. तिने त्यांचंही चित्रण केलं, आणि कच्चं संकलन झाल्यावर लिंक मला पाठवली. ‘सर, मोकळेपणाने सांगा. काय काढू, काय ठेवू.’

असं पुष्कळ जण पाठवतात. उंटावरून शेळ्या हाकायला मला आवडतं, हेही कबूल करतो.

दुपारी जेवून बसलो आणि लावला. दीडपट. चाळिसाव्या मिनिटाला बाबा आले. गॅलरीत स्टुलावर, मागे कठड्यावर टॉवेल. पडद्याबाहेरून मुलीने विचारलं, ‘काम सुटलं त्या दिवशी काय केलंत?’ आणि बाबा गप्प. चष्मा काढला. धोतराच्या टोकाने पुसला. परत घातला. गप्प. खाली कोणीतरी कुणाला हाक मारत होतं. मी बाण दाबला. दहा सेकंद. अजून गप्प. पुन्हा दाबला, पुन्हा. किती वेळा ते आठवत नाही. मग पटापट दाबत गेलो तो थेट पुढच्या माणसावर पोचलो, परळच्या एका खानावळवाल्या बाईंवर. मागे वळून बघितलं नाही. बाबांच्या अख्ख्या भागाची वेळ लिहून घेतली, चार मिनिटं आणि काही सेकंद.

तिला लिहिलं ते शब्द मला पाठ आहेत. ‘गॅलरीतला म्हातारा आधी काढा. माझे वडील आहेत म्हणून ठेवला असेल तर नक्कीच काढा. चार मिनिटं कोणी गप्प बसलेलं बघायला प्रेक्षक येत नसतो. बाकी काम प्रामाणिक आहे.’ लिहिताना मला छान वाटलं होतं. सख्ख्या बापालाही सोडलं नाही! अर्धा स्टार काय, अख्खा माणूस कापला.

तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. ‘सर, तुमच्या निर्णयाचा मी मान राखते.’ मला जरा विचित्र वाटलं. मी सूचना केली होती, निर्णय कसला? पण नवीन पोरं असं जड जड लिहितात, म्हणून सोडून दिलं.

पहिला खेळ दादरच्या एका छोट्या सभागृहात, रविवारी सकाळी. बाबांनी आदल्या दिवशी शर्ट इस्त्रीला दिला होता. बरोबर शेजारच्या खोलीतली काकू, तिने माझं नाक पुसलंय लहानपणी. दोघं पुढून तिसऱ्या रांगेत बसले, मी त्यांच्या मागे. तुमचा सीन काढलाय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, पण म्हटलं, म्हातारा विसरला असेल. सिनेमाभर बाबा पाठ ताठ करून बसले होते. एका ठिकाणी बादली घेऊन जाणारा माणूस पाठमोरा दिसला, तेव्हा काकू ओरडली, ‘अहो, ही तुमचीच पाठ!’ सभागृह हसलं. बाबाही हसले. मग दिवे लागले.

बस स्टॉपपर्यंत चालत गेलो. काकू पुढे, आम्ही दोघं मागे. स्टॉप दिसायला लागल्यावर बाबांनी पाऊल हळू केलं. मग म्हणाले, ‘त्या पोरीन तुका आधी दाखवलेलो मां?’

‘हो.’

‘पुरो बघितलंस मां?’

‘हो,’ मी म्हटलं. असं हो मी रोज कुणाला ना कुणाला म्हणतो. जिभेला सवय आहे.

ते म्हणाले, ‘मग ठीक आसा.’ माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढून घेतला आणि बसमध्ये चढले.

त्यानंतर आठ महिन्यांनी बाबा गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास नाही. मी सगळं केलं. लोक रडत होते आणि मला आपलं वाटत होतं, हा प्रसंग लांबलाय. असा विचार करणाऱ्या माणसाची मलाच शिसारी आली, पण रडू काही आलं नाही. तेरावं झाल्यावर त्यांचा आवाज ऐकावासा वाटला म्हणून फोन धुंडाळला. पोस्टरचे फोटो, महोत्सवांचे फोटो, कसल्या कसल्या दिग्दर्शकांबरोबर मी. बाबांचे तीन फोटो, आणि हलतेबोलते बाबा एकही नाहीत. आयुष्यभर हलती चित्रं बघून पोट भरलेल्या माणसाकडे बापाचं एक हलतं चित्र नाही!

तेव्हा मला ती चार मिनिटं आठवली. हवीत म्हणजे हवीतच. अशी एखादी गोष्ट हवी वाटणंही मी विसरलो होतो. मुलीला फोन केला. ती म्हणाली, ‘भेटूनच बोलू, सर.’

गिरगावात तिच्या घराजवळच्या हॉटेलात बसलो. तिने दोन पियूष मागवली. मी सरळ विषयावर आलो. ती मान खाली घालून म्हणाली, ‘सर, नाहीये ते. माझ्याकडे दोनच डिस्क होत्या. अंतिम प्रत निघाली आणि पुढच्या शूटिंगसाठी मी दोन्ही पुसल्या. कच्ची लिंकही काढून टाकली. सगळे तसंच करतात. सॉरी, सर.’

सगळे तसंच करतात हे मलाही माहीत होतं. मी म्हटलं, ‘असू दे. चार मिनिटं गप्पच तर बसले होते.’

तिने वर बघितलं. ‘गप्प? पहिलं दीड मिनिट गप्प होते. पण मग बोलले ना. तुम्ही ऐकलंत की.’

मी पियूषचा ग्लास खाली ठेवला. ‘काय बोलले?’

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं तिला तेव्हाच सगळं कळलं. पोरगी चांगली, तोंडावर काही बोलली नाही. आठवून आठवून, सावकाश सांगितलं.

बाबा म्हणाले होते, मिल चालू होती, त्यांचं एक खातं तेवढं बंद केलं. घरी आले तर मुलगा दारात. त्याने विचारलं, बाबा, आज लवकर? ते म्हणाले, हो. त्याला सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी बायकोने रोजच्यासारखा डबा भरला आणि ते रोजच्यासारखे निघाले. परळच्या एका थिएटरचा डोअरकीपर गावचा होता. तो त्यांना दुपारच्या खेळाला आत बसवायचा. पाच महिने. लागेल तो पिक्चर, बदलेपर्यंत रोज तोच. संध्याकाळी मुलगा विचारायचा, आज काय केलंत बाबा? कामाबद्दल खोटं बोलायला जीभ रेटेना, म्हणून पिक्चर सांगायचे. रोज तोच कसा सांगणार, म्हणून शेवट बदलायचे. पुढे गिरगावात एका ऑफिसात शिपायाची नोकरी लागली. मुलाला सांगितलं, मिल नको झाली म्हणून सोडली.

‘आणि शेवटी,’ ती म्हणाली, ‘कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, अजून सांगितलं नाही त्याला. आता ह्यात बघेल तो.’

मग हळूच म्हणाली, ‘म्हणून तुम्ही काढा म्हणालात तेव्हा मी वाद घातला नाही. मला वाटलं, घरातली गोष्ट आहे, तुम्हाला लोकांत नको असेल. खेळानंतर आजोबांनी मला फोन करून का काढलं ते विचारलं होतं. मी सांगितलं, सरांनी पूर्ण बघून ठरवलंय.’

तिथून मी चर्नी रोड स्टेशनला न जाता चालत सुटलो. कुठे वळलो, काय दिसलं, काही सांगता येणार नाही. लालबागला पोचलो तेव्हा काकू दारात लसूण सोलत होती. मी विचारलं, ‘काकू, बाबांचं काम सुटलं होतं, तुला माहीत होतं?’

‘अख्ख्या चाळीला माहीत होतं रे. तुझ्या आयशीने सगळ्यांना शपथ घातलेली. पोराला कळता कामा नये.’ तिने लसणीची साल फुंकली. ‘का रे? सांगितलं ना त्यांनी तुला? म्हणत होते, सांगून टाकतो, आता लाज कसली.’

‘हो,’ मी म्हटलं. जीभ सवयीने पुढे गेली. मग म्हटलं, ‘नाही गं. मी ऐकलंच नाही.’

तिला काय कळलं कुणास ठाऊक. तिने माझ्यापुढे लसणीच्या दोन कुड्या ठेवल्या. मी बसून सोलल्या.

घरी आलो तर ईमेलवर एक लिंक वाट बघत होती. टीव्हीसाठी काढलेला सिनेमा, एक तास बावन्न मिनिटं. वेग साधा ठेवला, हात मांडीवर ठेवले आणि बसलो. अकराव्या मिनिटाला बेल वाजली. आजोबा आजारी होते. सिनेमा भिकार होता. कधीतरी मधे माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पडद्यावर तेव्हा कोणीतरी भाजी निवडत होतं. मी पुसलं नाही, सिनेमा थांबवलाही नाही.

नावं वर सरकायला लागली. कपडे कोणी सांभाळले, जेवण कोणी दिलं, गाडी कोणी चालवली. शेवटचं नाव जाईपर्यंत बसलो.

बाबा, हा पुरा बघितला.